जांभळ्या रंगाच्या गल्ल्या

चार्ल्स बूथ हा लिव्हरपूलचा जहाजमालक. 1886 मध्ये त्यानं पदरमोड करून लंडनच्या दारिद्र्याची पाहणी हाती घेतली आणि ती 1903 पर्यंत चालवली. तिच्यातले 1898-99 चे नकाशे आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवले आहेत. बारा तक्त्यांचं ते लंडन पडद्यावर सलग उलगडतं, आणि आपण त्यात हरवून जातो.

रंग सात. पिवळा धनिकांचा, लाल सुखवस्तूंचा, गुलाबी बऱ्यापैकी कमावत्यांचा, जांभळा मिश्र वस्तीचा. फिकट निळ्यात आठवड्याला 18 ते 21 शिलिंगांवर चालणारे संसार, गडद निळ्यात कायमची ददात. शेवटी काळा.

व्हाइटचॅपलचा हमरस्ता पाहा. दोन्ही अंगांनी लाल, कारण तिथं दुकानदार राहतात. पाठीमागच्या बोळात शिरलं की निळा सुरू होतो, मध्येच काळा. तीस टक्क्यांहून जास्त लंडन गरिबीत आहे, हा बूथचा आकडा गाजला. पण सुखवस्तू घराची मागची भिंत कोणाच्या दारासमोर येते, हे आकडा सांगत नाही. नकाशा सांगतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जांभळा. काही घरं बरी, काही गरीब, एवढंच तो म्हणतो. काही गल्ल्यांना तर बूथनं दोन-दोन रंग दिले आहेत. एका रंगात बसत नाही ती गल्ली त्यानं बळंच बसवली नाही, यात संशोधकाची सचोटी दिसते.

काळ्यापाशी मात्र ही सचोटी सुटते. सूचीत त्या रंगापुढे दुर्गुणी, अर्धगुन्हेगार असं लिहिलं आहे. मिळकत मोजता मोजता इथं माणसाच्या चारित्र्याचा निवाडाच झाला. आणि ऑनलाइन आवृत्तीचं खरं बळ इथं कळतं, कारण नकाशासोबत पाहणीच्या वह्याही वाचता येतात. बूथचे सहायक बीटवरच्या पोलिसाला घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि फुटकी तावदानं, रस्त्यावरची घाण, पोरांचे फाटके कपडे टिपून ठेवत. त्या टिपणांच्या आधारानं गल्लीचा रंग ठरे किंवा बदले. आत राहणाऱ्या बाईला तिची गल्ली कशी वाटत होती, ते या फेऱ्यांच्या वह्यांत क्वचितच सापडतं. छापील नकाशा समोर असता तर काळा रंग आपण मुकाट मान्य केला असता. वही उघडली की तो कोणाच्या नजरेतून आला, ते समजतं.

आज उपग्रहाची चित्रं घेऊन वस्त्या रंगवणं सोपं झालं आहे. त्या वस्त्यांतली माणसं हयात आहेत, म्हणून त्यांची नावं आणि घरं झाकलीच पाहिजेत. पण रंग कोणी, काय पाहून, कोणाला विचारून दिला, ते झाकू नये. नकाशा ऑनलाइन टाकणाऱ्या प्रत्येक संशोधकानं आपली वहीही सोबत ठेवावी.