सुरांची रेघ

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरच्या एका शाळेत मुलांना दरबारी कानड्याचा आलाप ऐकवला आणि ऐकता ऐकता फळ्यावर रेघ काढायला सांगितली. कोमल गंधारापाशी बहुतेकांची रेघ नागमोडी झाली. गाणे शिकणाऱ्या एका मुलीने मात्र 'ग' लिहून त्याखाली आडवी रेघ मारली. भातखंडे लिपीप्रमाणे तिचेच बरोबर!

मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांच्या प्रकल्पात सुवर्णलता राव व विम व्हान डर मेर यांनी केलेले रागांचे आलेख पाहताना हे आठवले. संगणक आवाजाची कंप्रता मोजून रेघ काढतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर स्वर. २२० ते ४४० आणि ४४० ते ८८० हर्ट्झ ही अंतरे आलेखात सारखीच दिसतात, कारण कानालाही ती एकेक सप्तकच वाटतात.

भातखंड्यांच्या (१८६०–१९३६) लिपीत मींड म्हणजे स्वरांवरची कमान. मींड कुठून कुठे गेली ते कळते; वाटेत कुठे रेंगाळली ते कळत नाही. आलेखात ते दिसते. दरबारीच्या गंधाराचे आंदोलनही दिसते. एवढ्यासाठी तरी प्रत्येक विज्ञानशिक्षकाने हे आलेख पाहावेत.

पण रेघ म्हणजे गाणे नव्हे. शब्द, आवाजाचा पोत, लहानमोठेपणा तिच्यात नाही. नेरचा एक मुलगा आवाज चढला की खडू दाबून रेघ जाड करत होता. संगणकाला ते सुचलेले नाही.

माझा खरा आक्षेप आलेखावर नाही, त्याच्या संभाव्य वापरावर आहे. स्थिर लावलेल्या षड्जातही रेघ थोडी हलते. कान तिकडे दुर्लक्ष करतो. उद्या कोणी या रेघेवरून मुलांना 'बेसूर' ठरवू लागले तर मुले ऐकायचे सोडून पडद्याकडे पाहतील. चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्येच 'कसे गावे' हे सांगणारे लेखन आणि 'कसे गायले' हे नोंदवणारे लेखन यांत फरक केला होता. भातखंडे लिपी पहिल्या प्रकारची. जाणत्या कानाने काय राखायचे नि काय गाळायचे, हे त्यात ठरलेले असते. यंत्र सगळेच नोंदवते, निवड आपल्यावर सोडते.

त्या मुलीला मी चूक म्हणालो नाही. तिचा 'ग' नागमोडी रेघेखाली लिहून घेतला. मग पेटीवर कोमल गंधार वाजवला. त्याची रेघ सगळ्यांनीच सरळ काढली.