अश्वहृदय, अक्षहृदय

रेसबुकाचं एक पान माझ्यासमोर उघडं आहे. पुण्याच्या पावसाळी मोसमातलं, बाराशे मीटरच्या शर्यतीचं. समासात बॉलपेनच्या खुणा, कोपऱ्यात चहाचा डाग आणि चार नंबरच्या घोड्याभोवती मी काढलेलं ठसठशीत वर्तुळ. आयुष्यात पहिल्यांदा पैसे लावले ते या पानावरून. कागद पातळ, छपाई यथातथा. तरीही हे पान मी जितक्यांदा वाचलंय तितक्यांदा एखादी कविता वाचली असेन की नाही, शंकाच आहे.

पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही, की या पानात क्रियापद नाही. घोड्याचा नंबर, नाव, आईबाप, वय, रंग, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, सुटतानाची जागा, मागच्या शर्यतींतले क्रमांक. सगळी नामं, विशेषणं आणि आकडे. बारा घोडे पानावर स्थिर उभे आहेत, कुणी काही करत नाही. नवशिक्याचा घोटाळा इथूनच सुरू होतो. क्रियापद नसलेलं वाक्य दिसलं की आपण ते मनातल्या मनात पूर्ण करतो, आणि आपण भरलेलं क्रियापद छापलेलंच होतं असं नंतर शपथेवर सांगतो. ‘जिंकणार’ हे माझं क्रियापद होतं.

तेही भरलं कशावरून, तर नावावरून. आता हसू येतं, पण पहिल्या दिवशी दुसरं वाचायला येतंच काय? नाव तेवढं आपल्या ओळखीच्या भाषेत असतं. आणि घोड्यांची नावं मोठी लबाड. १९७०च्या दशकात भारतीय रेसकोर्सवर ‘स्क्वाँडरर’ नावाचा घोडा धावला. मराठीत सांगायचं तर उधळ्या. हा उधळ्या एकोणीस शर्यती धावला आणि त्यांतल्या अठरा जिंकला. त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांनी काय उधळलं असेल ते असो! उलट, अमेरिकेत १९१९मध्ये साराटोगाच्या मैदानावर ‘मॅन ओ वॉर’ या महाबली घोड्याला त्याच्या आयुष्यातली एकमेव हार पत्करावी लागली ती ‘अपसेट’ नावाच्या घोड्याकडून. त्या दिवसापासून ‘अपसेट’ हा शब्द रूढ झाला, असं रेसवाले छातीठोक सांगतात. शब्द आधीपासून होता. पण जिथे नावही जिंकतं तिथे दंतकथा का जिंकू नये?

आईबापांची ओळ मी तेव्हा सोडून दिली होती. रसिक तिथेच रेंगाळतात. जगातल्या साऱ्या थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. गोत्रं तीन आणि प्रवरं अगणित. शिवाय आपल्याकडे शर्यतीच्या हिशोबात सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच, मग जन्म कुठल्याही महिन्यातला असो. म्हणजे कुंडली मांडायची आणि जन्मवेळ मात्र सगळ्यांची एकच.

मला घेऊन गेले होते माझे मामा. रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळापत्रकाच्या शिस्तीचे. घरून निघतानाच ठरलेली रक्कम वेगळ्या खिशात घालायची आणि तो खिसा रिकामा झाला की उरलेल्या शर्यती नुसत्या बघायच्या, हा त्यांचा रिवाज. त्यांनी माझं बोट नावावरून उचलून वजनाच्या रकान्यावर ठेवलं. “अरे, कविता इथे आहे,” असं ते म्हणाले नाहीत, ते फक्त म्हणाले, “हे बघ आधी.”

पहिल्या घोड्यावर बासष्ट किलो, शेवटच्यावर पन्नास. मला वाटलं, जॉकी जाडा असेल. जॉकी सगळे सारखेच काडीपैलवान. ते जिनासकट काट्यावर उभे राहतात, कमी पडलेलं वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतात आणि शर्यत संपल्यावर पुन्हा काट्यावर चढतात. हे वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हँडिकॅपर म्हणतात. प्रत्येक घोड्याच्या कुवतीला तो एक आकडा देतो आणि त्या आकड्यातल्या एकेका अंकामागे अर्धा किलो वजन चढतं. पहिल्या आणि शेवटच्या घोड्यात चोवीस अंकांचा फरक, म्हणून बारा किलोंचा. घोडा जिंकला की आकडा वर, पुढच्या वेळी ओझं जास्त. हरत गेला की ओझं हलकं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या ॲडमिरल रूस यांनी या कामाला शास्त्राची शिस्त लावली. हँडिकॅपरचं स्वप्न एकच: बाराच्या बारा घोड्यांनी एकाच क्षणी खुंट ओलांडावा.

हे कळलं तेव्हा पानाचा अर्थच उलटा झाला. अनिश्चितता म्हणजे माहितीतली भोकं, ती अभ्यासाने बुजवायची, असं मी धरून चाललो होतो. इथे तर एक पगारी माणूस ती अर्ध्या अर्ध्या किलोने तोलून तयार करत होता. ज्याने उत्तर शोधायचं तो मी; आणि प्रश्न इतका बारकाईने रचणारा तो, की उत्तर उरूच नये. डर्बीसारख्या मानाच्या शर्यतीत हा समतावाद नसतो, तिथे ओझं जवळपास सारखं आणि थोरला तो थोरलाच. पण रोजच्या रेसबुकातली बहुतेक पानं हँडिकॅपची. म्हणून त्या पानाला मी उत्तरपत्रिका मानत नाही. तो कूटश्लोक आहे, आणि रचणाऱ्याची करामत अशी की त्याच्या प्रत्येक अर्थाला सारखाच आधार मिळावा.

इथे मला नल राजा आठवतो. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानाकडे आपण दमयंतीच्या विरहासाठी जातो. रेसकोर्सवरून परतलेल्या माणसाने मात्र ते ऋतुपर्ण राजाच्या रथापासून वाचावं. नल घोड्यांच्या काळजातलं जाणणारा, त्या विद्येचं नावच अश्वहृदय. तरीही फाशांपुढे त्याचं राज्य गेलं. आता तो बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला आहे आणि रथ विदर्भातल्या कुंडिनपुराकडे सुसाट निघाला आहे. राजाचं उपरणं उडून पडतं. थांब म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेलं असतं. सारथ्याची ही करामत पाहून राजाला आपलीही दाखवण्याची हौस येते. बेहड्याच्या एका झाडाकडे बघून तो पानं किती, फळं किती ते चालत्या रथातून सांगतो. नलाला राहवत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो.

या मोजण्याकडे बघा. राजाला उशीर होतो आहे, दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्यावर आलं आहे, आणि हा गडी फळं मोजत बसला आहे! पण तो बसणारच. ज्याचं सर्वस्व अंदाजात गेलं, त्याचा अंदाजावर विश्वास कसा बसावा? त्याला फळ न् फळ हातात हवं. मी रेसबुकातला एकेक रकाना तसाच मोजत होतो. ऋतुपर्णाची विद्या निराळी. त्याने फांद्या पाहिल्या आणि झाड जाणलं, थोड्यावरून पुष्कळाचा अदमास घेतला. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या इयान हॅकिंग यांनाही या प्रसंगाची दखल घ्यावीशी वाटली. पुढे देवघेव होते: अश्वहृदय देऊन अक्षहृदय घ्यायचं. फाशांचं हृदय कळताक्षणी नलाच्या अंगात शिरून त्याला फाशांत बुडवणारा कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत, म्हणजे कली आपल्या घरीच परतला. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. ऋतुपर्ण आपली विद्या लगेच देऊन टाकतो, पण अश्वहृदय घ्यायची त्याला घाई नाही. ते तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे, म्हणतो.

घोडा कळणं निराळं आणि डाव कळणं निराळं. नलाइतका घोडा कुणाला कळला होता?

रेसबुकाच्या पानावर अश्वहृदय आहे. अक्षहृदय पानावर नाही. ते समोरच्या बोर्डावर मिनिटामिनिटाला बदलतं. त्याला भाव म्हणतात. टोटची पद्धत १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी काढली: सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून कपात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटून. ज्याच्यावर जास्त पैसे, त्याचा भाव कमी. म्हणजे भाव घोड्याची ताकद सांगत नाही, घोड्याबद्दलचं गर्दीचं मत सांगतो. आणि गर्दी अडाणी नसते. जगभर फेव्हरिट घोडा साधारण तीनात एकदा जिंकतो. नवशिक्या यातलं ‘जिंकतो’ ऐकतो, ‘तीनात एकदा’ ऐकत नाही. या साऱ्या अनिश्चिततेत निश्चित एकच, कपात. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, २०२५च्या सप्टेंबरात तो ४०वर गेला. घोडा धावण्याआधीच कर खुंट ओलांडून उभा.

त्या दिवशी, शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडकमध्ये चार नंबर फिरत होता. तुकतुकीत काळसर तांबडा, मान ताठ, पावसाच्या भुरभुरीने पाठ चमकत होती. मला तो पानावर आवडला होता, आता प्रत्यक्षात जास्तच आवडला. मामांनीही त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं.

“घोडा चांगलाच आहे रे,” ते म्हणाले, “पण या भावाला नाही.”

आणि त्यांनी त्या शर्यतीत काहीच लावलं नाही. तेव्हा मला तो कंजूषपणा वाटला. ‘चांगला आहे’ आणि ‘या भावाला नाही’ या दोन वाक्यांमधल्या ‘पण’मध्ये अख्खी विद्या आहे हे कळायला मला काही मोसम लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये घोड्यांच्या शर्यतीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवलं. माझ्या लेखी ते कौशल्य या ‘पण’मध्ये आहे, आणि त्याचा बहुतांश भाग पैसे खिशातच ठेवण्यात खर्च होतो.

मी तिकिटाच्या खिडकीपाशी गेलो. रांगेत असताना पोटात गोळा होता. तिकीट हातात आलं आणि गोळा गेला. घोडा तोच, जॉकी तोच, पाऊस तोच, पण माझी खात्री मात्र अचानक वाढली. याची नोंद झालेली आहे. व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर १४१ जणांना विचारलं गेलं, आपला घोडा जिंकेल असं किती वाटतं? ज्यांचे पैसे नुकतेच लावून झाले होते त्यांना लावण्याच्या बेतात असलेल्यांपेक्षा बरीच जास्त खात्री होती. नॉक्स आणि इंकस्टर यांनी हे १९६८मध्ये छापलं. पॉल स्लोविक यांचा १९७३चा प्रयोग तर मला आरसाच दाखवतो. आठ मुरलेल्या अंदाजकारांना आधी पाच, मग दहा, वीस, चाळीस अशा वाढत्या बाबी पुरवल्या. अंदाज काही सुधारले नाहीत. आत्मविश्वास मात्र चढत गेला. मी नावापाशी थांबलो असतो तरी हरलो असतो, सगळं पान वाचूनही हरलो. फरक एवढाच की वाचल्यामुळे जास्त ऐटीत हरलो.

शर्यत सव्वा मिनिटाची. नाट्यशास्त्रात भरताने सांगितलेल्या तेहतीस संचारी भावांपैकी किती त्यात बसतात हे मी नंतर मोजलं. गेटमध्ये घोडे शिरताना वितर्क आणि शंका. गेट उघडताच औत्सुक्य. वळणावर चार नंबर आतून पुढे सरकला तेव्हा हर्ष, आणि शेजारच्याकडे एक नजर टाकण्यापुरता गर्व. सरळ पट्ट्यात आवेग. मी ओरडत होतो म्हणे, मला आठवत नाही. दोनशे मीटर राहिले आणि बाहेरून नऊ नंबर आला, अगदी हलक्या ओझ्याचा. मग जडता. विषाद थोडा उशिरा येतो, तिकिटाचा नंबर पुन्हा एकदा तपासून झाल्यावर. पण रेसकोर्सचा खास भाव यांपैकी कुठलाच नव्हे. तो आहे अवहित्था, मनातलं चेहऱ्यावर न दिसू देणं. शर्यत संपल्यावर स्टँडमध्ये वळून पाहा: जो तो शांतपणे पुस्तकाचं पुढचं पान उघडत असतो, जणू मागच्या पानाशी आपलं कधी नातंच नव्हतं. मीही चष्मा पुसत बसलो.

मामांनी विचारलं नाही. चहा आणला, तोच तो पानावर सांडला.

महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा चार नंबरचा तो घोडा दुसऱ्या एका पानावर, दुसऱ्याच नंबराने उभा होता. ओझं एक किलोने उतरलं होतं. मागच्या क्रमांकांच्या रकान्यात शेवटी एक बारीक ५ वाढला होता. माझं ते दुपारभरचं आयुष्य त्या आकड्यात मावलं होतं, आणि त्याच्या अलीकडे आणखी कुणाकुणाच्या दुपारी होत्या: ३, ०, ७, २. मी बोर्डाकडे पाहिलं. भाव अजून लागायचे होते.