ग्रंथालय नावाचे कूळ

'मोफत' हा शब्द जिथे जिथे वापरला जातो, तिथे पैसे कोण भरतो हे आधी विचारले पाहिजे. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद आज 'लिबी' या ॲपवर घरबसल्या ई-पुस्तक उघडतो. त्याला एक सेंटही द्यावा लागत नाही. वाचनाचे हे लोकशाहीकरण आहे, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. हे कौतुक मला तपासून पाहायचे आहे.

'लिबी' हे ओव्हरड्राइव्ह या कंपनीचे ॲप. ही कंपनी १९८६ साली क्लीव्हलँडमध्ये निघाली. २०१५ साली ती जपानच्या राकुतेनने सुमारे ४१ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०२० साली ती केकेआर या बड्या गुंतवणूक संस्थेच्या हाती गेली. वाचकाला फुकट देणारा धंदा एवढ्या मोलाचा कसा? कारण पैसा ग्रंथालय भरते. म्हणजेच त्या गावचा करदाता भरतो. यंत्रणा वापरण्याचे शुल्क वेगळे, पुस्तकांचे पैसे वेगळे. पुस्तकांच्या पैशातील आपला वाटा कंपनी ठेवते, बाकीचा प्रकाशकाकडे जातो.

मध्यस्थाने मोबदला घेतला म्हणून माझी तक्रार नाही. प्रश्न असा की, या पैशाच्या बदल्यात ग्रंथालयाला मिळते काय? पुस्तक मिळत नाही. मिळतो तो परवाना. हार्परकॉलिन्सने २०११ साली नियम केला की, सव्वीस वेळा दिल्यावर ई-पुस्तक संपले. हवे असेल तर पुन्हा पैसे भरा. न झिजणाऱ्या वस्तूला ही हुकमाने आणलेली झीज होय. इतर बड्या प्रकाशकांचे परवाने बहुधा दोन वर्षांचे असतात. वाचकाला पंधरा डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या नव्या कादंबरीसाठी ग्रंथालय अनेकदा पन्नास-साठ डॉलर भरते, आणि दोन वर्षांनी कपाट रिकामे! 'हूपला'ची रीत आणखी निराळी. तिथे प्रत्येक देवघेवीमागे पैसे पडतात. लोक जितके जास्त वाचतील तितके ग्रंथालय खड्ड्यात जाते. म्हणून वाचकाने महिन्याला किती घ्यावे यावर ग्रंथालयालाच मर्यादा घालावी लागते. वाचन वाढवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने वाचनाला भ्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

कूळ, खंड, बेदखल हे शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाहीत. कालपर्यंत पुस्तकाचे मालक असलेले ग्रंथालय आज पुस्तकाचे कूळ झाले आहे. खंड थकला की बेदखल.

छापील पुस्तकाचे असे नव्हते. आपली कादंबरी एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये, अशी सूचना एका प्रकाशकाने पुस्तकातच छापली होती. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती झुगारली. एकदा विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाची हुकमत उरत नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. ग्रंथालय त्याच तत्त्वावर उभे आहे आणि जुन्या पुस्तकांचे दुकानही. पुढे काही वर्षांतच न्यूयॉर्कमध्ये शिकताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमवली. ती जमवता आली, कारण आधीच्या मालकाला ती विकता आली. परवान्याला जुना बाजार नसतो.

लेखकाने काय खावे, असा प्रश्न यावर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयातील देवघेवीपोटी लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला देण्याची सोय केली. लेखकाचे पोट भरण्यासाठी ग्रंथालयाला कूळ करावेच लागते, असे नाही. मेरीलँड राज्याने प्रकाशकांनी ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाने द्यावेत असा कायदा केला, तोही संघीय न्यायालयाने २०२२ साली रद्द ठरवला. लेखनहक्क हा संघराज्याच्या कायद्याचा विषय, राज्याने त्यात पडू नये, असे त्याचे कारण दिले गेले.

मला खरी चिंता वाटते ती कमी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची. मुदत संपली की ग्रंथपाल पैसे कशावर घालणार? ज्याला मागणी आहे त्यावर. खपाचे लेखक टिकतात. ज्याचा वाचक अजून यायचा आहे तो लेखक गळतो. कागदी पुस्तक धूळ खात का होईना, वीस-तीस वर्षे फळीवर वाट पाहू शकते. दुर्लक्षितांच्या साहित्याला ही वाट पाहण्याची जागाच हवी असते. त्याचा वाचक कधीही वेळेवर आलेला नाही. खंडाच्या कपाटात वाट पाहण्याचेही भाडे पडते.

ई-पुस्तकाला माझा विरोध नाही. ज्याला ग्रंथालयापर्यंत जाता येत नाही त्याचा तो आधार आहे. पण लोकांच्या पैशाने आलेले पुस्तक लोकांच्या मालकीचे राहिले पाहिजे. ती मालकी गेली, तर ग्रंथालयाची पाटी तेवढी उरेल.