गोगलगाईतला नवा सूत्रकृमी : वर्णन कसे पारखावे?

‘गोगलगाईच्या शरीरात परजीवी सूत्रकृमीची नवी जात सापडली’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बातमीत जातीचे नाव असते, संशोधकांचे कौतुक असते आणि ‘आता गोगलगाईंचा बंदोबस्त होणार’ अशी आशाही असते. मूळ वर्णन मात्र सहसा कोणी वाचत नाही. ते वाचले पाहिजे आणि पारखूनही घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. शाळेतल्या शिक्षकालाही ते जमण्यासारखे आहे.

परभणीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी कोवळे सोयाबीन फस्त केले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने उपाय सुचवले : गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती शेतात टाकून त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचाव्यात, त्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या जपून वापराव्यात. अशा वेळी कोणीही विचारेल, की गोगलगाईला मारणारा एखादा परजीवी नाही का?

तो आहे. फॅस्मऱ्हॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा हा जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी युरोपातील बिनशंखाच्या गोगलगाईंत राहतो. १८५९ मध्ये श्नायडर यांनी त्याचे वर्णन केले. तो कीडनियंत्रणाला उपयोगी पडेल हे १९९३ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले आणि १९९४ मध्ये तो ‘नेमास्लग’ या नावाने बाजारात आला. वर्णन आणि उपयोग यांत १३५ वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात वर्णन टिकून राहिले, म्हणूनच नव्या संशोधकांना जुन्या कृमीची ओळख पटली.

मग तोच कृमी आणून सोयाबीनमध्ये सोडला तर? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात हा कृमी आफ्रिकी शंखी गोगलगाईवर सोडला गेला, पण गोगलगाई दगावल्या नाहीत. त्यांनी अंगात शिरणारे कृमी शंखाच्या आतल्या थरात गाडून टाकले! शिवाय हा कृमी थंड, ओलसर जमिनीत रमणारा. जुलैतल्या मराठवाड्याची उष्णता त्याला मानवणारी नाही. म्हणजे आपल्या मातीतल्या गोगलगाईंचे परजीवी आपल्यालाच शोधावे लागतील. त्यांची वर्णने कच्ची राहिली तर पुढचे सारे काम कच्च्या पायावर उभे राहील.

वर्णन पारखताना पहिला प्रश्न मापांचा. सूत्रकृमी बाहेरून एकसारखे दिसतात, म्हणून एकोणिसाव्या शतकात डी मान यांनी गुणोत्तरे वापरात आणली. समजा, मादी १५०० मायक्रोमीटर लांब आणि ६० मायक्रोमीटर रुंद आहे. लांबीला रुंदीने भागले की २५ हे गुणोत्तर मिळते. तसेच अन्ननलिकेच्या आणि शेपटीच्या लांबीने भागतात. ही आकडेमोड आठवीचा विद्यार्थीही करील. पण मुबलक अन्नावर वाढवलेला कृमी मोठा होतो आणि गुणोत्तरेही बदलतात. म्हणून दोन-चार कृमी मोजून केलेल्या नव्या जातीवर आमचा विश्वास बसत नाही. हर्माफ्रोडिटा आणि तिच्या जवळची निओपॅपिलोसा यांच्या माद्या तर मापांवरून वेगळ्या काढताच येत नाहीत. पहिलीत नर अगदी विरळा, दुसरीत ते भरपूर, हा खरा फरक. तो कळण्यासाठी कृमी जिवंत ठेवून पिढ्या पाहाव्या लागतात. आज याला डीएनए-क्रमाची जोड मिळाली आहे. जे वर्णन निव्वळ आकृती आणि आकड्यांवर थांबते ते आजच्या काळात अपुरे म्हणावे लागेल.

दुसरा प्रश्न नावाचा. २०१६ मध्ये फॅस्मऱ्हॅब्डायटिस कॅलिफोर्निका या जातीचे वर्णन झाले. नाव कॅलिफोर्नियाचे, पण ज्या गोगलगाईंत ती मिळाली त्या अमेरिकेत बाहेरून आलेल्या होत्या. पुढे हीच जात आयर्लंड, वेल्स आणि न्यूझीलंडमध्येही आढळली. वर्णन चांगले होते, म्हणूनच दूरच्या देशांत ती ओळखता आली. हे श्रेय दिलेच पाहिजे. पण नावावरून तिला कॅलिफोर्नियाची मूळ रहिवासी मानले तर फसगत होईल. ‘देशी गोगलगाय’ हा शब्दही असाच जपून वापरावा. पावसाळ्यात बागेत दिसणारी काळसर, चामड्यासारखी लेव्हिकॉलिस आल्टे आपल्याला अगदी घरची वाटते. तिचे गोत्र मात्र आफ्रिकेतले आहे. शंखी गोगलगाय तर १८४७ मध्ये बेन्सन यांनी मॉरिशसहून कलकत्त्याला आणली.

तिसरा प्रश्न यजमानाचा. उंदरांच्या फुप्फुसातील अँजिओस्ट्राँजिलस कँटोनेन्सिस या कृमीचे वर्णन १९३५ मध्ये चीनमध्ये उंदरांतल्या नमुन्यांवरून झाले. त्याच्या अळ्या गोगलगाईंत वाढतात हे ऑस्ट्रेलियात १९५५ मध्ये सिद्ध झाले. माणसाच्या पोटात गेल्यास याच अळ्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. ज्या प्राण्यात कृमी प्रथम दिसला तेवढेच त्याचे घर, असे गृहीत धरणारे वर्णन अर्धेच असते. कृमी गोगलगाईला मारतो, की नुसता तिच्यात मुक्कामाला असतो, हे प्रयोगाने दाखवल्याशिवाय ‘जैविक नियंत्रण’ हा शब्द उच्चारू नये.

शेवटचा प्रश्न नमुन्यांचा. होलोटाइप म्हणजे नावाला कायमचा बांधलेला एक नमुना. तो कोणता आणि कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे १९९९ नंतरच्या वर्णनात सांगणे प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मराठवाड्यातल्या संशोधकाला ते काही परके नाही. महाविद्यालयाच्या कपाटातली काचपट्टी संशोधक निवृत्त झाल्यावर हरवते, आणि मग त्या नावाचा खरा धनी कोण हे कोणालाच सांगता येत नाही.

किती कृमी मोजले? डीएनए पाहिला का? यजमान मूळचा कुठला? कृमी त्याला मारतो हे दाखवले का? नमुना कुठे आहे? पुढच्या वेळी नव्या जातीची बातमी आली की हे पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मुलांना उत्तरे शोधायला लावावीत. मात्र त्यासाठी मुलांना गोगलगाई उघड्या हाताने वेचायला सांगू नये; हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत.