‘रोगप्रतिकारशक्ती’ : एका उत्तरपदाची चिकित्सा

‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील ‘शक्ती’ या उत्तरपदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शक्ती म्हटली की ती वाढवावयाची, आणि जितकी अधिक तितकी बरी, हा अर्थ त्या पदात गृहीतच असतो. गोवरासारख्या बाहेरून येणाऱ्या रोगापुरता तो चालून जातो; कर्करोगाच्या बाबतीत मात्र तो दिशाभूल करतो.

कारण कर्करोगाची पेशी आपल्याच पेशींतून उद्भवते. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस विषाणूला अडविते. तिचे लक्ष्य परकेच असते. परंतु जडलेल्या कर्करोगावरील लसीचे लक्ष्य पुष्कळदा निरोगी पेशींतही आढळणारे प्रथिन असते. मेलॅनोमा या कर्करोगातील ‘जीपी १००’ हे प्रथिन त्वचेला रंग देणाऱ्या निरोगी पेशींतही असते; म्हणूनच मेलॅनोमावरील अशा उपचारांनंतर काही रुग्णांच्या अंगावर कोड उठते.

या संदर्भात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. शरीरात पसरलेल्या मेलॅनोमाच्या १४ रुग्णांना जीपी १०० च्या अंशांची लस देण्यात आली, आणि तिच्या जोडीला ‘सीटीएलए-४’ हा प्रतिकाराचा लगाम सैल करणारे प्रतिपिंड. ३ रुग्णांचा रोग ओसरला. ६ रुग्णांच्या आतडी, यकृत, त्वचा, पियूषिका ग्रंथी अशा अवयवांपैकी कोठे ना कोठे प्रतिकारपेशींनीच तीव्र आघात केला. येथे शक्तीची भर घातली गेली असे म्हणण्यापेक्षा शरीराचा अंगभूत संयम शिथिल केला गेला असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

अशा आघातांना ‘दुष्परिणाम’ म्हणून बाजूस सारणे तितकेच अपुरे आहे. इष्ट आणि अनिष्ट हे दोन्ही परिणाम येथे एकाच क्रियेतून संभवतात. तथापि अनिष्ट परिणाम दिसला म्हणजे उपचार लागू पडला, असेही अनुमान काढता येत नाही. वरील ६ जणांपैकी किमान ३ जणांना आघात सोसूनही रोगापासून उतार पडला नव्हता.

‘प्रतिकारव्यवस्था’ हा पर्याय म्हणूनच अधिक ग्राह्य वाटतो. व्यवस्थेत प्रवृत्तीइतकेच नियंत्रणही अभिप्रेत असते. हा केवळ परिभाषेचा काथ्याकूट नव्हे. ‘शक्ती वाढविण्याचे औषध’ एवढेच ऐकून संमतीपत्रावर सही करणाऱ्या रुग्णाला आपण कशास संमती दिली हे कळलेले नसते.