चरितार्थ आणि राजीनामा : मराठी गद्याच्या संदर्भात डिजिटल श्रमाचा विचार

मराठी गद्यवाङ्मयात प्रेम, कुटुंब आणि समाजसुधारणा या विषयांना जे स्थान मिळाले ते चरितार्थाला मिळालेले नाही. नायक कोठे नोकरी करतो एवढे कादंबरी सांगते. परंतु त्या नोकरीत त्याचा दिवस कसा जातो, वेतन केव्हा हाती पडते, आणि ते मिळविताना त्याच्या स्वभावाला कोणते वळण लागते, याकडे ती क्वचितच पाहते. ज्या थोड्या कृतींनी हे पाहिले त्यांचे महत्त्व आज वाढले आहे. कामाचे स्थळ, कामाची वेळ आणि काम देणारा मालक या तिन्हींचे रूप संगणकामुळे पालटत असता, या कृतींनी घडविलेल्या कल्पना नव्या अनुभवाला कितपत पुरतात, हा प्रश्न समीक्षेपुढे उभा राहतो.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. निजामी राजवटीत येथील कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. या अवघ्या बारा वर्षांत कचेरीतील कौशल्याची किंमत बदलली. पुढे टंकलेखन हे मध्यमवर्गीय तरुणाचे भांडवल ठरले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि ‘एमएस-सीआयटी’चे प्रमाणपत्र शासकीय नोकरी इच्छिणाऱ्यांच्या कागदपत्रांत आवश्यक होऊन बसले. तथापि, या सर्व पालटांत एक गोष्ट स्थिर होती. खुर्ची, हजेरीपट आणि साहेब ही त्रयी टिकून होती. साधन बदलले तरी जागा बदलली नाही. आजचा पालट निराळा आहे, तो येथे. अनुवाद, शिकवणी, चित्ररचना, हिशेबनोंद ही कामे घरच्या खोलीत बसून दूरच्या अनोळखी माणसासाठी केली जातात; आणि दुचाकीवरून जेवण पोचविणाऱ्या तरुणाला काम नेमून देणारा कोणी मुकादम नसतो, मोबाईलमधील एक अ‍ॅप असते.

अस्थिर नोकरीचे सर्वांत विस्तृत चित्रण मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयात आढळते. १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक आहे. नेमाडे स्वतः काही वर्षे येथील मराठवाडा विद्यापीठात अध्यापन करीत होते, ही गोष्ट येथील वाचकाला परिचित आहे. मुंबईतील वाङ्मयीन मित्रमंडळातून निघालेला चांगदेव एका गावाच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावाच्या महाविद्यालयात जात राहतो. संस्थाचालकांची मनमानी, जातींचे गट आणि सहकाऱ्यांचे क्षुद्र हेवेदावे यांचे चित्रण या कादंबऱ्यांत विपुल आहे. शीर्षकेही अर्थपूर्ण आहेत. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडावयाचा संसार. झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालावयाचे शोभेचे वस्त्र. नोकरी ही अंगावर चढविलेली शोभा आहे आणि तिच्याखाली जनावर तेच आहे, असा एक कठोर अर्थ त्यातून सूचित होतो.

या चतुष्टयाचे नैतिक बळ कशात आहे, याचा विचार केला तर ते नोकरी सोडण्याच्या शक्यतेत आहे असे दिसते. चांगदेव फारसा लढत नाही; तो निघून जातो. राजीनामा हे त्याच्या प्रतिष्ठेचे शेवटचे साधन आहे. ते वापरता येण्यासाठी तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात : नेमणूक झालेली असावी, ती करणारी संस्था समोर असावी, आणि दुसरीकडे जागा मिळण्याची आशा असावी. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात गावोगावी महाविद्यालये निघत होती म्हणूनच ही आशा शक्य झाली. चांगदेवाच्या विरक्तीला शिक्षणप्रसाराचा हा आर्थिक पाया आहे, याची दखल चतुष्टयाच्या चर्चेत घेतली गेली पाहिजे.

हा पाया सर्वांना समान नव्हता, हे दलित आत्मकथनांनी दाखवून दिले. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) पशुवैद्यकीय महाविद्यालयातील कारकुनी ही उपरोधाचा विषय नाही. बलुतेदारीत श्रमाचा मोबदला मागून घ्यावा लागे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी मिळणारे वेतन ही त्या तुलनेने नवी मानवी स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले. ‘मिलिंद’ या नावाने ते पुढे सर्वपरिचित झाले. ज्या पिढ्यांना तेथे शिक्षण मिळाले, त्यांच्या दृष्टीने नेमणुकीचा कागद हा जन्माने ठरविलेल्या कामातून सुटल्याचा दाखला होता. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) या आत्मकथनात शिक्षणापर्यंत पोचण्याचे जे कष्ट आले आहेत, ते वाचल्यावर राजीनाम्याचा मोठेपणा सापेक्ष वाटू लागतो. ज्याच्या एका वेतनावर अनेकांची चूल पेटते, त्याला निघून जाण्याचे स्वातंत्र्य नसते.

एकट्याने सोडणे शक्य नसेल तेथे अनेकांनी मिळून काम थांबविणे हा मार्ग उरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले. त्या पराभवानंतरचे गिरणगाव जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात येते. कामाचे स्थळच नाहीसे झाले म्हणजे घरातील माणसांची परस्परांशी असलेली भाषा कशी कडवट होते, हे या नाटकाइतक्या तीव्रतेने मराठीत अन्यत्र क्वचितच व्यक्त झाले असेल. तरीही त्या घराला आपला शत्रू कोण हे ठाऊक आहे. गिरणीची चिमणी खिडकीबाहेर उभी आहे.

संगणकयुगाचे मराठी लेखन मात्र मुख्यतः यशाच्या वाटेने गेले. अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे त्यातील सर्वांत वाचले गेलेले आत्मचरित्र. सोलापूर, मुंबईची आयआयटी, शहाद्याच्या आदिवासी चळवळीतील सहभाग आणि नंतर सॉफ्टवेअर क्षेत्रातील उच्च पदे असा त्याचा प्रवास आहे. संगीत, विज्ञान आणि साहित्य यांची ओढ त्यात सतत जागी असल्यामुळे ते निव्वळ पदोन्नतीचे वृत्त होत नाही, हा त्याचा गुण निःसंशय मोठा आहे. परंतु येथे नोकरी सोडणे ही पुढची पायरी असते. चांगदेवाची स्थलांतरे त्याला कोठेच नेत नाहीत. मुसाफिराची त्याला वर नेतात. अनुकरणासाठी असे चरित्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कष्ट आणि जिज्ञासा दिसते. ज्या विस्तारणाऱ्या व्यवसायाने त्या कष्टांना फळ दिले, तो पार्श्वभूमीला राहतो.

नव्या श्रमिकाची स्थिती यांपैकी कोणत्याच नमुन्यात बसत नाही. त्याला नेमणूकपत्र नाही, म्हणून राजीनामाही नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या केली. परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचा, अशीच त्याची ओळख तिने नोंदविली. त्याने काम नाकारले तर कोणी रागावत नाही. पुढची कामे मात्र कमी येऊ शकतात. एखाद्या दिवशी त्याचे खाते बंद होते आणि कारण विचारावयास दार सापडत नाही. चांगदेवाचा नकार ऐकणारा प्राचार्य तरी होता. येथे नकाराला श्रोता नाही. व्यक्ती आणि संस्था यांच्या संघर्षावर उभी असलेली कादंबरीची रचना अशा ठिकाणी लटकी पडते, ती यामुळे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, या कामाने मोकळीकही दिली आहे. संस्थाचालकाची मर्जी न सांभाळता, पुणे-मुंबई न गाठता, गंगापूर किंवा कन्नडच्या तरुणीला घरी बसून मिळकत करता येते. हे खरे आहे, आणि जी कृती हे नाकारील ती एकांगी होईल. पण मोकळीक आणि असुरक्षितता एकाच मिळकतीत कशा नांदतात, हेच तर साहित्याने दाखवावयाचे असते. त्यासाठी लेखकाला जुन्या सामग्रीतील एक गोष्ट उपयोगी पडेल. ‘बलुतं’मध्ये पोटाचे गणित लपविलेले नाही, काय मिळाले, कशाच्या बदल्यात मिळाले, आणि ते कोणाला पुरले, हे त्यात येते. हा हिशेब हाच त्याच्या सत्याचा कणा आहे. पडद्यासमोर गेलेले तास, न मिळालेला मोबदला, रिकामा गेलेला आठवडा यांची अशी निःसंकोच नोंद डिजिटल श्रमाविषयीच्या मराठी लेखनात अजून दृढ झालेली नाही.

चांगदेव चतुष्टयाचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट ते कोणत्या काळाचे आणि कोणत्या शक्यतेचे चित्र आहे, हे अधिक स्पष्ट होते. राजीनामा देता येणे ही एका पिढीची मिळकत होती आणि तीही त्या पिढीत सर्वांच्या वाट्याला आली नाही. विद्यापीठीय अभ्यासाने या कृती एका रांगेत ठेवून वाचल्या, तर आत्मप्रतिष्ठेचा प्रश्न चरितार्थाच्या स्वरूपापासून वेगळा काढता येत नाही, हे ध्यानात येईल. जेथे सोडून जाण्यासारखे स्थळच उरले नाही, तेथे माणूस आपली प्रतिष्ठा कोणत्या कृतीने राखतो, याचे उत्तर मराठी कादंबरीला अद्याप शोधावयाचे आहे.