आधी नंबर, मग खेळ

‘गॉडझिला’ या पिनबॉल मशीनमध्ये एक पूल आहे. ‘प्रीमियम’ आवृत्ती घेतलीत तर तो कोसळतो, ‘प्रो’ घेतलीत तर जागचा हलत नाही. 2021मध्ये हे मशीन आलं तेव्हा प्रोची जाहीर किंमत 6,899 डॉलर होती आणि प्रीमियमची 8,999. म्हणजे शिकागोजवळच्या स्टर्न पिनबॉल कंपनीच्या हिशेबात पूल पाडायचे 2,100 डॉलर. (त्यात एक इमारतही पडते, तिच्याकडे येतोच.)

आमच्या पिढीचं पिनबॉल म्हणजे विंडोज एक्सपीमधलं ‘स्पेस कॅडेट’. शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये सर फळ्याकडे वळले की सुरू. ते मुळात 1995च्या ‘फुल टिल्ट!’ या गेममधल्या तीन टेबलांपैकी एक होतं, आणि आपल्याला मिळालेली आवृत्ती मूळ गेमपेक्षा कमी रिझोल्यूशनची होती, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आपण हलकी आवृत्ती खेळतोय असं तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं.

खऱ्या मशीनला हात लागला तो ऑफिसच्या कामासाठी शिकागोत काही महिने राहिलो तेव्हा. घराजवळच्या बारमध्ये ‘गॉडझिला’चं प्रो होतं. स्क्रीनवर जे कधीच कळत नाही ते तिथे पहिल्या मिनिटात कळलं: बॉल स्टीलचा असतो, ऐंशीएक ग्रॅमचा, आणि तो फ्लिपरवर आदळला की तळहातापर्यंत जाणवतो. मी आठवड्यातून दोनदा जायला लागलो. पुढे एका सहकाऱ्याच्या मित्राच्या बेसमेंटमध्ये प्रीमियम खेळायला मिळालं, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून नाही, पण ताज्या आठवणीने ताडून पाहता आलं.

प्रीमियममधली इमारत हा या मशीनचा खरा दागिना आहे. बॉल तिच्या मजल्यांवर अडकून राहतात, आणि मल्टिबॉल सुरू झाला की मजले धाडधाड खाली बसून सगळे बॉल एकदम अंगावर येतात. प्रोमध्ये ती इमारत नुसती उभी. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. आपण रचलेलं संकट डोळ्यांसमोर साठत जातं आणि त्यामुळे पुढचा फटका मारताना हात जरा आवरतो. मशीनचा डिझायनर कीथ एल्विन याची ताकद इथे आहे: शहर उद्ध्वस्त करायची गोष्ट तो यंत्राकडून करवून घेतो, स्क्रीनवरच्या चित्रांवर सोडत नाही. पुलाचंही तसंच. बॉलची वाट खरोखर बदलते.

पण हे सगळीकडे लागू नाही. एल्विनच्याच 2019च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये प्रीमियमचा टी-रेक्स बॉल तोंडात धरतो आणि फेकतो. पहिल्यांदा मी ओरडलो होतो. दहाव्यांदा मात्र तो बॉल कधी सोडतोय याची वाट पाहत होतो. तिथे मला प्रो जास्त आवडतं. त्याची लय तुटत नाही. आणि बारवाले साधारणपणे प्रोच घेतात, कारण ते स्वस्त असतं आणि बिघडायला त्यात भाग कमी. म्हणजे बहुतेक लोक ज्या मशीनवर खेळायला शिकतात ते प्रो. ‘कापलेली आवृत्ती’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता तिसरी आवृत्ती: लिमिटेड एडिशन, म्हणजे एलई. ‘गॉडझिला’चे एलई 1,000 नग होते, किंमत 10,499 डॉलर. प्रीमियमपेक्षा 1,500 जास्त देऊन मिळतं काय? वेगळी चित्रं, आरशासारखी मागची काच, सजवलेल्या कडा, आणि अनुक्रमांकाची पट्टी. बॉलच्या दृष्टीने ते प्रीमियमच आहे. समीक्षेला इथे बोलायला काही उरत नाही, बाजाराला मात्र खूप असतं. 2022मध्ये जेम्स बाँडच्या साठाव्या वर्षानिमित्त स्टर्नने 500 नगांची आवृत्ती काढली. धाटणी साठच्या दशकातल्या साध्या मशीनची, किंमत सुमारे 20,000 डॉलर.

मर्यादित आवृत्तीची कल्पना काही आजची नाही. पॅट लॉलर आणि लॅरी डीमार यांचं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ 1992मध्ये आलं आणि त्याचे 20,270 नग खपले. ते विकत घेणारे प्रामुख्याने बार आणि आर्केड चालवणारे होते. नाण्यांची पेटी भरते का, एवढीच त्यांची कसोटी. ती भरत राहिली, म्हणून 1994मध्ये कंपनीने 1,000 नगांची सोनेरी आवृत्ती काढली. आधी लोकांनी नाणी टाकली, मग सोनं आलं. आता क्रम उलटा आहे. घोषणा होते, ट्रेलर येतो, आणि कुणी पहिला बॉल मारायच्या आत नंबर असलेले नग संपतात.

त्यातून माझ्या धंद्यातलं एक गुपित: मशीन बाहेर पडतं तेव्हा सॉफ्टवेअर बऱ्याचदा अर्धवट असतं. नियम, मोड, शेवटचा टप्पा हे सगळं नंतर अपडेटने येत राहतं. मी स्वतः 0.9 प्रॉडक्शनला ढकलणाऱ्या जमातीतला आहे, त्यामुळे नाक वर करून बोलत नाही. पण आमचा 0.9 कुणी काचेत लावून त्याच्यावर क्रमांक कोरत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने एक एलई (कुठलं ते सोडा) घोषणेच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बुक केलं. ते आलं तेव्हा त्यातला सर्वात मोठा मोड सुरूच होत नव्हता. तो वैतागला नाही. “होईल अपडेट,” म्हणाला, “आणि विकलं तरी किंमत येईल.” वर्षभराने त्याच्याकडे गेलो तेव्हा मोड आला होता. मशीनच्या दारातली बटणं दाबली की किती गेम खेळले गेले ते दिसतं. आम्ही सहज पाहिलं. 143. त्यातले पंधराएक त्या संध्याकाळचे होते.

परतायच्या आठवड्यात बारमधला मेकॅनिक ‘गॉडझिला’ प्रोचं फ्लिपर बदलत होता. त्यालाही मी तो आकडा दाखवायला लावला. अकरा हजारांच्या वर होता. काचेवर मधोमध एक जुना ओरखडा, उजव्या बटणाभोवतीचा रंग पार उडालेला. त्याने दार लावलं, दोन क्रेडिट फुकट टाकली आणि म्हणाला, नवीन फ्लिपर जरा कडक लागेल, सांभाळून.